ओतीव गोळीची कारागिरी

पिस्तुलाची काडतुसे अमेरिकेत दुकानात सहज विकत मिळतात. आणि तरीही त्याच देशात, घराच्या मागल्या छपरीत किंवा मोटारखान्याच्या कोपऱ्यात बसून, शिसे वितळवून, साच्यात गोळ्या ओतून, एकदा वापरलेल्या पितळी कवचांत त्या पुन्हा बसविणाऱ्या हौशी कारागिरांची परंपरा शंभराहून अधिक वर्षे अखंड चालत आलेली आहे. काटकसर हे तिचे उघड कारण सांगितले जाते व ते खोटेही नाही, कारण काडतुसाचा महागडा भाग म्हणजे त्याचे पितळी कवच, आणि ते अनेक वेळा वापरता येते. परंतु या कारागिरीचे खरे मर्म मला मोजमापाच्या निष्ठेत दिसते, आणि ही निष्ठा अर्धस्वयंचलित पिस्तुलाइतक्या कठोरपणे फार थोडी शस्त्रे वसूल करीत असतील.

जॉन बार्लो यांनी १८८४ साली न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी काढून साचे व भरणीची हत्यारे विकण्यास सुरुवात केली, आणि १९२५ मध्ये तो कारभार ‘लायमन’ कंपनीकडे गेला. दरम्यान १९११ साली अमेरिकन लष्कराने जॉन ब्राउनिंग यांचे पंचेचाळीस कॅलिबरचे पिस्तूल दाखल करून घेतले होते, आणि त्यामुळे ओतकाम करणाऱ्यांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस माणूस स्वतःच्या हाताने चक्राच्या घरात ठेवतो, त्यामुळे गोळी किंचित लांब वा बोथट असली तरी सहसा निभावून जाते. पिस्तुलात मात्र खालची स्प्रिंग काडतूस वर लोटते, मागे गेलेली स्लाइड परत येताना त्याला पुढे रेटते, छोट्याशा चढणीवरून त्याचे नाक नळीत शिरते, आणि हे सारे घडविणारे बळ आधीच्या बाराच्याच धक्क्यातून आलेले असते. म्हणजे प्रत्येक काडतुसाने निशाणाची सेवा तर करावयाचीच, शिवाय आपल्यामागून येणाऱ्या काडतुसाला वाटही करून द्यावयाची. लष्करी काडतुसातील गोळीला तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते. ओतीव गोळी उघड्या शिशाची, मऊ, म्हणून तिच्याबाबत सारेच नाजूक.

हा मऊपणा कमी करण्यासाठी शिशात अँटिमनी घालतात, आणि साच्याचा कानाकोपरा नीट भरावा म्हणून कथील. हे त्रिकूट मराठी वाचकाला परके नाही. छापखान्यात आपण ज्यांना खिळे म्हणतो ते याच तीन धातूंचे, आणि लायनोटाइप यंत्राच्या ओळी ज्या मिश्रणातून पडत त्यात शंभर भागांत सुमारे चौऱ्याऐंशी भाग शिसे, बारा अँटिमनी व चार कथील असे. वृत्तपत्रांनी जेव्हा धातूचे खिळे सोडून प्रकाशजुळणी पत्करली तेव्हा अमेरिकेतील छापखान्यांच्या मोडीत निघालेल्या या धातूचे कितीतरी गठ्ठे गोळ्या ओतणाऱ्यांच्या कढईत गेले. मोटारीच्या चाकांचा तोल साधणारी शिशाची वजने हा दुसरा आवडता साठा. परंतु कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी त्यांवर बंदी घातल्यापासून त्यांत जस्ताची वजने मिसळू लागली, आणि जस्ताचा थोडासा अंश शिरला तरी रस दाट होऊन सबंध कढई वाया जाते.

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ओतकाम साधारण ३७० अंशांच्या आसपास चालते. मेणाचा तुकडा टाकून रस ढवळला की मळी वर येते आणि पृष्ठावर गंजू लागलेले कथील पुन्हा रसात मिसळते. साचा थंड असेल तर गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात, फार तापला तर तिच्यावर दहिवरासारखी करडी छटा चढते, आणि या दोहोंमधली योग्य घडी तोंडावर साचलेले शिसे किती वेळात गोठते यावरून हाताला कळते. पाण्याचा एक थेंब रसाखाली गेला तर क्षणार्धात वाफ होऊन तप्त शिसे चौफेर उडते; म्हणून कसलेला कारागीर उन्हाळ्यातही हातमोजे व डोळ्यांवर काच घातल्याशिवाय कढईजवळ जात नाही.

ओतीव गोळी कवचधारी गोळीपेक्षा इंचाच्या एक हजारांशाने जाड ठेवतात. एवढ्याशा जाडीचे महत्त्व मोठे आहे: गोळी नळीच्या आट्यांत घट्ट बसली नाही तर तप्त वायू तिच्या कडेने निसटतात, शिसे खरवडतात आणि नळीला त्याचे लेप चढवितात. गोळीच्या खाचेत भरलेले मेणाचे वंगण याच कामी येते. पुढची भरणी याहून जोखमीची आहे. त्वरित जळणारी दारू कवचाचा अर्धाही भाग व्यापत नाही, त्यामुळे चुकून दुहेरी माप पडले तरी ते सांडून आपली वर्दी देत नाही. दारूच पडली नाही तर गोळी नळीत अडकते आणि मागून झाडलेल्या दुसरीने नळी फुटू शकते. म्हणून गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक कवचात उजेडाखाली डोकावून पाहणे हा या कामातला अनुल्लंघनीय दंडक आहे.

पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलाच्या या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते. ते नळीत आपल्या तोंडाच्या काठावर टेकून राहते. तो काठ आत वळविला तर टेकण्याची जागाच नाहीशी होते, म्हणून तो फक्त हलकेच निमुळता दाबतात. मग पिस्तुलाची नळी सुटी काढून तीत काडतूस सोडून पाहावयाचे: ते ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करून बसले आणि नळी उलटी करताच आपल्या वजनाने बाहेर आले, तर भरणी बरोबर. माझ्या मते या एका साध्या परीक्षेत कारागिरीचे सारे हिशेब चुकते होतात.

निशाणबाजांत हेन्सली अँड गिब्ज यांचा अडुसष्ट क्रमांकाचा साचा विशेष मान पावला. त्यातून निघणारी गोळी २०० ग्रेन, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम; पुढचे टोक छाटलेल्या शंकूच्या आकाराचे व तळाशी धारदार खांदा. हा खांदा कागदी लक्ष्यात स्वच्छ गोल छिद्र पाडतो, त्यामुळे गुण मोजताना तंटा उरत नाही. आणि तरीही टोक पुरेसे लांब असल्यामुळे पिस्तूल ती विनातक्रार गिळते. ओहायोत ईरी सरोवराच्या काठी, कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरत आले आहेत, आणि तेथील पंचवीस व पन्नास यार्डांवरील एकहाती नेमबाजीला असेच सौम्य, एकसारखे काडतूस हवे असते.

शिसे विषारी आहे. ओतण्याच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही, परंतु धूळ व मळी हातावाटे पोटात जाते. म्हणून जागा हवेशीर असावी, तेथे खाणेपिणे वर्ज्य असावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

आपल्याकडचे उदाहरण घ्यावयाचे तर, कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले ते बावीस कॅलिबरच्या शिसे-गोळीवर. मात्र त्या काडतुसाचा स्फोटक मसाला कवचाच्या कडेतच भरलेला असल्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. आणि भारतात, १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार, परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे.