धूम्रपानत्याग : स्वभाव आणि प्रत्याख्यान

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढताना पन्नाशीतला एखादा व्यापारी अर्ध्या वाटेवर धापा टाकीत बसतो आणि मनाशी ठरवितो, उद्यापासून सिगारेट बंद. हा निश्चय खोटा नसतो. तरीही परतताना, गाडी सुटण्यापूर्वीच, टपरीपाशी त्याची पावले थबकतात. सोबतच्या धाकट्या भावाने मात्र एकदा सोडली ती सोडलीच. एकाच घरात वाढलेल्या, एकाच पेढीवर बसणाऱ्या दोन भावांत एवढे अंतर का पडावे?

निकोटीनची ओढ शरीराची आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश हे तीन-चार आठवडे रेंगाळतात. परंतु हे दिवस कोण कसे काढतो, यात स्वभावाचा वाटा मोठा असतो. ज्याचा रोजमेळ रोजच्या रोज लिहिला जातो, असा नेटका व संयमी मनुष्य सामान्यतः सवय सोडण्यात अधिक यशस्वी ठरतो. चटकन चिंताग्रस्त होणारा वारंवार घसरतो, कारण धुराकडे तो औषध म्हणून पाहत असतो. उधारी अडकली की हात खिशाकडे जातो. मित्रांच्या घोळक्यात रमणाऱ्याला एकांतात ओढ जाणवत नाही, पण लग्नाच्या मांडवामागे दिलेली एकच सिगारेट त्याचे महिनाभराचे तप बुडविते.

स्वभावाच्या या चर्चेत एक सावधगिरी हवी. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी 1960 साली धूम्रपान आणि बहिर्मुखता यांचा संबंध मांडला. पुढे कर्करोगाचे मूळ तंबाखूपेक्षा स्वभावात शोधणारे लेखनही त्यांच्या नावावर जमा झाले. तंबाखू कंपन्यांचा पैसा त्यांच्या संशोधनाला मिळाला होता आणि 2019 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत त्यांचे अनेक लेख विश्वासार्ह नसल्याचे ठरले. स्वभावाने सोडण्याची वाट सोपी वा अवघड होते. धुराचे विष मात्र संयमी माणसालाही सोडत नाही.

जैन आचारात स्वभावाचा हा विचार फार बारकाईने झालेला आहे. सप्तव्यसनांच्या प्राचीन यादीत तंबाखू नाही, कारण ती भारतात आली पोर्तुगीजांच्या काळात. पण प्रत्याख्यानाची रीत येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. नवकारसी पाळणाऱ्याच्या मुखात सूर्योदयानंतर 48 मिनिटे काही जात नाही. व्यसनाची तीव्रता मोजताना वैद्य पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट ओढता? अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याची गुंतवणूक खोल समजली जाते. अशा मनुष्याने एकदम आजन्म त्यागाची घोषणा करण्याआधी नवकारसी, मग पोरसी, असे काळाचे टप्पे वाढवून पाहावेत.

त्याहून मोलाचा आहे तो अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार हा भेद. मनात इच्छा येणे, त्या दिशेने पाऊल उचलणे, व्रताला डाग लागणे आणि व्रत पूर्णच मोडणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. चिंताळू मनुष्य एक सिगारेट ओढली की ‘आता सारे संपले’ म्हणून पाकीट विकत घेतो. म्हणजे अतिचाराचा तो स्वतःच अनाचार करतो. सायंकाळी प्रतिक्रमणात तो डाग कबूल करून दुसऱ्या दिवशी व्रत पुढे चालविणाऱ्याला ही दुसरी घसरण टाळता येते. घरच्यांनीही त्या एका सिगारेटीवरून महाभारत घडवू नये. कोणाशी बोलता येत नसेल, तर शासनाची 1800-11-2356 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

राहिली पेढी. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना लागणाऱ्या अंजनेरीतील जैन मंदिराच्या शिलालेखात, शके 1063 मध्ये, मंदिरास दुकाने दान दिल्याची नोंद आहे. त्या दुकानांत काय विकले जात असे, हे लेख सांगत नाही. आजच्या अनेक किराणा दुकानांत गल्ल्याच्या डोक्यावर तंबाखूच्या पुड्यांची माळ लोंबत असते आणि शेजारच्या फळीवर सिगारेटची पाकिटे रचलेली असतात. सोडू पाहणारा मालक सकाळी उघडण्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत त्याच माळेखाली बसलेला असतो.