आशय व्यवस्थापन प्रणालीतील पॅकेज-प्रस्थापना व दोषनिदान

संकेतस्थळावरील लेख, चित्रे, दस्तऐवज इ. आशय डेटाबेसमध्ये साठवून तो संपादकाला ब्राउझरमधूनच लिहिता, बदलता व प्रसिद्ध करता यावा, अशी सोय करणाऱ्या आज्ञावलीस आशय व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. अशा प्रणालीत एखादी नवी सोय घालावयाची असल्यास तिच्यासाठी लागणाऱ्या फाईली आणि त्या कोठे व कशा बसवावयाच्या यासंबंधीच्या सूचना एका संक्षेपित फाईलमध्ये बांधतात. या फाईलीस ‘पॅकेज’ म्हणतात व ते प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर नेऊन कार्यान्वित करण्याच्या क्रियेस प्रस्थापना ही संज्ञा आहे. विकासकाच्या संगणकावर निर्दोष चालणारे पॅकेज प्रत्यक्ष संकेतस्थळावर बिघडते, हा अनुभव या क्षेत्रात नित्याचा आहे. त्याची कारणे शोधण्याच्या पद्धतीचा विचार येथे केला आहे.

साध्या आज्ञावलीची स्थापना फाईली नकलल्या की बहुतांशी पूर्ण होते. आशय व्यवस्थापन प्रणालीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील संकेतस्थळ एका जागी नसते. काही भाग सर्व्हरवरील फाईलींत, काही डेटाबेसमध्ये, तर काही सर्व्हरच्या मांडणीविषयक नोंदींत विखुरलेला असतो. विकासक ज्या वेळी पॅकेज तयार करीत असतो त्याच वेळी संपादक प्रत्यक्ष संकेतस्थळावर पाने लिहीत असतात, मांडणी बदलत असतात. म्हणजे पॅकेज जेथे पोहोचते ते स्थळ विकासकाने शेवटचे पाहिले तसे राहिलेले नसते. विकासकाचे क्षेत्र कोठे संपते व संपादकाचे कोठे सुरू होते, ही सीमा प्रणाली पुष्कळदा स्पष्ट ठेवीत नाही. प्रस्थापनेतील अवघड दोष बहुधा या सीमेवरच उद्‌भवतात आणि त्यांत संपादकांचे लेखन नाहीसे होण्याचा धोका असतो.

रचना : वर्डप्रेस या २००३ साली सुरू झालेल्या प्रणालीत प्लगिनचे पॅकेज म्हणजे साधी झिप फाईल होय. तिच्यातील मुख्य पीएचपी फाईलीच्या आरंभी टिप्पणीच्या स्वरूपात प्लगिनचे नाव दिलेले असते व तेवढ्यावरून प्रणाली त्यास ओळखते. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट प्रणालीत २००७ च्या आवृत्तीपासून डब्ल्यूएसपी नावाचे पॅकेज रूढ झाले. वस्तुतः ती विंडोजमधील कॅब प्रकारचीच फाईल असून तिच्या मुळाशी मॅनिफेस्ट.एक्सएमएल ही यादी असते. मालवाहू जहाजाबरोबर मालाची यादी असते, त्याप्रमाणे कोणती फाईल कोणत्या ठिकाणी ठेवावयाची व कोणता घटक सुरक्षित मानावयाचा, हे तीत लिहिलेले असते. ॲडोबी एक्सपिरिअन्स मॅनेजर या प्रणालीच्या झिप फाईलीत आशयच घातलेला असतो व त्यासोबत ‘फिल्टर’ नावाची एक फाईल असते. पॅकेजचा अंमल आशयवृक्षाच्या कोणत्या शाखांवर चालावा, हे तीवरून ठरते.

बांधणीतील दोष : यादी व माल यांचा मेळ न बसणे हा सर्वांत साधा दोष होय. यादीत नाव आहे पण फाईल नाही, अशा वेळी प्रणाली पॅकेज नाकारते व दोष तत्काळ कळतो. उलट, फाईल आहे पण यादीत नाव नाही, हा प्रकार अधिक फसवा असतो. स्थापना यशस्वी झाल्याचा संदेश मिळतो आणि सोय मात्र दिसत नाही. वर्डप्रेसच्या झिपमध्ये एका फोल्डरच्या आत दुसरे फोल्डर अशी गुंतागुंत झाली, तर मुख्य फाईल प्रणालीला अपेक्षित असलेल्या पातळीवर सापडत नाही. फोल्डरचे नाव बदलल्यास प्रणाली तेच प्लगिन निराळे समजते. दोन्ही प्रती एकदम कार्यान्वित करू गेल्यास एकाच नावाची फलने दोनदा घोषित होऊन घातक त्रुटी येते.

शेअरपॉइंटच्या पॅकेजबाबत एक जुना वारसा नमूद करण्यासारखा आहे. कॅब फाईल बांधणारी मेककॅब ही विंडोजची उपयोजना फ्लॉपी चकतीच्या काळातील असल्याने वेगळी सूचना दिली नाही, तर ती एका चकतीचे आकारमान १·४४ मेगाबाइट गृहीत धरते व त्याहून मोठे पॅकेज अनेक तुकड्यांत विभागते. अशा विभागलेल्या फाईलीचा पहिला तुकडा सर्व्हरवर नेल्यास तो अर्थातच अपुरा ठरतो. बांधणीच्या सूचनांत चकतीच्या कमाल आकारमानाची मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद, अशी लिहिली की हा दोष नाहीसा होतो. प्रत्यक्षात फ्लॉपी कधी न पाहिलेल्या विकासकांनाही ही ओळ लिहावी लागत आली आहे.

विंडोजमधून लिनक्सवर जाताना आणखी काही दोष संभवतात. विंडोज फाईलीच्या नावातील रोमन मोठी व लहान अक्षरे सामान्यतः एकच मानते. लिनक्स तसे मानत नाही. त्यामुळे विकासकाकडे दिसणारे चित्र सर्व्हरवर सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट चौकटीच्या ४·६·१ पूर्वीच्या आवृत्त्यांवर आधारलेल्या उपयोजना झिप फाईलीतील मार्गांत उलटी तिरपी रेघ घालीत. लिनक्सवर फाईल उलगडल्यावर फोल्डर तयार होण्याऐवजी लांबलचक विचित्र नावांच्या फाईली मिळत. देवनागरी मजकूर असणाऱ्या फाईलींत एक वेगळा दोष आढळतो. विंडोजमधील नोटपॅड ही उपयोजना यूटीएफ-८ पद्धतीने फाईल साठविताना आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण घालीत असे; २०१९ च्या विंडोज आवृत्तीपासून ती खूण आपोआप घातली जात नाही. मराठी शब्द घालण्यासाठी पीएचपी फाईल अशा तऱ्हेने साठविली असता, प्लगिनने कार्यान्वित होताना तीन अनपेक्षित वर्ण बाहेर टाकले, असा संदेश वर्डप्रेस देते. डोळ्यांना न दिसणारी ही खूण काढून टाकणे एवढाच त्यावर उपाय आहे.

नोंदणी व वितरणातील दोष : शेअरपॉइंटमध्ये पॅकेज प्रथम मांडणीच्या डेटाबेसमध्ये साठविले जाते. नंतर प्रस्थापनेची आज्ञा दिली की एक वेळापत्रित कार्य तयार होते आणि समूहातील प्रत्येक सर्व्हर आपापल्या जागी फाईली उलगडतो. एखाद्या सर्व्हरवरील प्रशासन-सेवा बंद असेल, तर पॅकेजची स्थिती ‘प्रस्थापना चालू’ अशीच तासन्‌तास राहते. अशा वेळी समूहातील काही सर्व्हरांवर फाईली पोहोचलेल्या असतात व काहींवर नसतात, आणि तेच पान एका वाचकाला नीट तर दुसऱ्याला मोडलेले दिसते. बंद असलेली सेवा सुरू करणे अथवा प्रलंबित कार्ये प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालविणे, हा त्याचा उपाय होय. ही आज्ञा ज्या सर्व्हरवर द्यावी त्याच्यापुरतीच लागू पडते, हे विसरले जाते.

दुसरा दोष जुन्या प्रतीचा आहे. नवे पॅकेज बसले, तरी वेळापत्रक चालविणारी सेवा पूर्वी स्मृतीत घेतलेलीच संकलित फाईल वापरीत राहते. संकेतस्थळाची पाने नव्या आज्ञावलीप्रमाणे व पार्श्वभूमीतील कार्ये जुन्या आज्ञावलीप्रमाणे चालतात. ती सेवा पुन्हा सुरू करेपर्यंत दुरुस्तीचा परिणाम दिसत नाही व विकासक विनाकारण निर्दोष आज्ञावलीत दोष शोधीत राहतो.

एकाच ओळखक्रमांकाचे फीचर आधीच बसलेले असल्यास प्रणाली तसे सांगते व सक्तीने बसविण्याचा पर्याय सुचविते. या पर्यायाचा सर्रास वापर केला जातो, तो योग्य म्हणता येत नाही. ओळखक्रमांक का जुळले, याचे उत्तर पुष्कळदा असे असते की, जुना प्रकल्प नकलून नवा तयार करताना क्रमांक बदलावयाचा राहून गेला. सक्ती केल्यास दोन निराळ्या सोयी एकाच नोंदीवर हक्क सांगू लागतात.

आशयाशी होणारा संघर्ष : शेअरपॉइंटमध्ये पॅकेजमधून आलेले पान आरंभी सर्व्हरवरील फाईलीतूनच दाखविले जाते. संपादकाने ते पान रचनेच्या साधनाने एकदा बदलले की, त्याची स्वतंत्र प्रत डेटाबेसमध्ये तयार होते आणि त्यानंतर प्रणाली तीच दाखविते. पुढे विकासकाने कितीही नवी पॅकेजे बसविली, तरी या पानात फरक पडत नाही. पान मूळ व्याख्येवर परत नेण्याची सोय आहे. परंतु ती वापरल्यास संपादकाने केलेला बदल जातो. म्हणून तसे करण्यापूर्वी संपादकाला विचारणे हाच दोषनिदानाचा एक भाग समजला पाहिजे.

पॅकेज काढून घेताना याच्या उलट घडते. फाईली जातात, पण पानांवर ठेवलेले त्या पॅकेजचे घटक डेटाबेसमध्ये राहतात. पान उघडताच त्रुटी दिसते. पुढे अनेक वर्षांनी प्रणालीची नवी आवृत्ती घेताना केलेल्या चाचणीत अशा निराधार घटकांची लांब यादी बाहेर पडते. आज्ञावली लिहिणारे तोपर्यंत संस्था सोडून गेलेले असतात व ते पॅकेज कोणाजवळही नसते.

ॲडोबीच्या प्रणालीतील फिल्टरचा दोष याहून तीव्र आहे. फिल्टरमध्ये एखाद्या शाखेचे नाव दिले व वेगळी पद्धत नमूद केली नाही, तर त्या शाखेखालील सर्व आशय पॅकेजमधील आशयाने बदलला जातो; जो पॅकेजमध्ये नाही तो काढून टाकला जातो. एका उपशाखेऐवजी चुकून तिची वरची शाखा लिहिली, तर शेजारच्या विभागांचे लेखनही पुसले जाते. आज्ञा मात्र अचूक पाळली गेलेली असते, म्हणून त्रुटीचा कोणताही संदेश मिळत नाही. स्थापनेपूर्वी प्रणाली संबंधित शाखांची प्रत घेते व पॅकेज काढल्यास ती परत आणता येते. परंतु मधल्या काळात झालेले लेखन तीत नसते.

ड्रुपल प्रणालीच्या २०१५ सालच्या आठव्या आवृत्तीत मांडणी यामल प्रकारच्या फाईलींतून नेण्याची पद्धत आली. तेथेही आयात म्हणजे भर घालणे नव्हे, तर स्थळाची मांडणी फाईलींशी तंतोतंत जुळविणे होय. प्रत्यक्ष संकेतस्थळावर कोणी नवा अर्ज किंवा नवी सूची तयार केली असेल व ती आधी निर्यात केलेली नसेल, तर आयातीत ती नाहीशी होते. निराळ्या स्थापनेतून आलेली मांडणी प्रणाली संकेतस्थळाच्या ओळखक्रमांकावरून ओळखते व नाकारते. हा अडथळा त्रासदायक वाटला, तरी तो संरक्षणासाठी आहे.

वर्डप्रेसचा डेटाबेस एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेताना जुना पत्ता शोधून नवा घालतात. तथापि अनेक नोंदी अशा स्वरूपात असतात की, त्यांत प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी बाइटांत लिहिलेली असते. पत्ता लांब किंवा आखूड झाला आणि लांबीचा आकडा तोच राहिला, तर संपूर्ण नोंद अवाचनीय ठरते व विकासकाने कष्टाने जुळविलेली मांडणी रिकामी दिसते. लांबी अक्षरांत नव्हे तर बाइटांत असल्याने देवनागरी मजकूर हाताने बदलणाऱ्याची विशेष फसगत होते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी वर्णसंकेतास तीन बाइट लागतात. हे काम नोंद उलगडून पुन्हा बांधणाऱ्या साधनानेच करावे लागते.

निदान : दोष बांधणीत, वितरणात, कार्यान्वयनात की आशयाशी असलेल्या संबंधात आहे, हे प्रथम ठरवावे. पडद्यावरील संदेश यासाठी क्वचितच उपयोगी पडतो, कारण वाचकांपासून तपशील लपविण्यासाठी तो मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. शेअरपॉइंटच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांत त्रुटीसोबत एक सहसंबंध-क्रमांक मिळतो व त्यावरून सर्व्हरच्या लॉगमधील नेमक्या ओळी काढता येतात. वर्डप्रेसमध्ये त्रुटी स्वतंत्र फाईलीत लिहिण्याची सोय मांडणीच्या फाईलीतून चालू करावी लागते. मात्र त्या पडद्यावर दाखविणे बंद ठेवणे इष्ट.

नंतर पॅकेज उलगडून पाहावे. डब्ल्यूएसपी फाईलीची प्रत घेऊन तिचे विस्तारनाम कॅब असे केल्यास ती सहज उघडते. या साध्या पाहणीने बांधणीतील बहुतेक दोष उघड होतात, तरी ती पुष्कळदा सर्वांत शेवटी केली जाते. त्यानंतर तेच पॅकेज एका कोऱ्या संकेतस्थळावर व प्रत्यक्ष संकेतस्थळाच्या ताज्या प्रतीवर असे दोनदा बसवावे. कोऱ्यावर बिघडल्यास दोष पॅकेजमध्ये किंवा त्यास लागणाऱ्या अन्य घटकाच्या अभावात असतो. कोऱ्यावर चालून प्रतीवर बिघडल्यास तो आशयाशी होणाऱ्या संघर्षात असतो. दोन्हींवर चालल्यास फाईलींवरील परवानग्या, चढविण्याच्या फाईलीच्या आकारमानाची मर्यादा, बंद सेवा इ. सर्व्हरच्या बाबी तपासाव्यात. पीएचपीची चढविण्याची मूळ मर्यादा केवळ २ मेगाबाइट असते.

पूर्वस्थितीवर आणणे : पॅकेज काढणे म्हणजे पूर्वस्थिती नव्हे. अद्ययावत केलेले प्लगिन डेटाबेसची रचनाही बदलू शकते. मग जुन्या फाईली परत ठेवल्या, तरी त्यांना नवी रचना उमगत नाही. म्हणून फाईली व डेटाबेस यांच्या प्रती एकाच वेळेच्या असाव्या लागतात आणि त्या घेण्यापासून चाचणी संपेपर्यंत संपादकांनी लेखन थांबवावे लागते. वर्डप्रेस अद्ययावत करताना देखभालीची सूचना दाखविणारी एक फाईल तयार करते. काम मध्येच तुटल्यास ती मागे राहते, मात्र दहा मिनिटांनंतर प्रणाली तिच्याकडे दुर्लक्ष करते. २०१९ च्या ५·२ या आवृत्तीत प्लगिनमुळे संकेतस्थळ बंद पडल्यास प्रशासकास ई-पत्राने दुवा पाठवून ते प्लगिन थांबविण्याची सोय आली. हाताने अद्ययावत केलेले प्लगिन नीट न बसल्यास पूर्वीची प्रत आपोआप परत ठेवण्याची व्यवस्था २०२३ च्या ६·३ आवृत्तीत, तर स्वयंचलित अद्ययावतीकरणासाठी तीच २०२४ च्या ६·६ आवृत्तीत करण्यात आली. या व्यवस्थेत फाईली परत येतात. डेटाबेसमधील बदल परत फिरविले जात नाहीत.