पडदा काचेच्या बाहेर हवा

यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४२ अंशांपलीकडे जातो. दुपारनंतर पश्चिमेची खिडकी घर तापवते. आतून महागडा, गडद पडदा लावून फारसा फरक पडत नाही. ऊन काचेतून आत येते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

म्हणून ऊन काचेआधीच अडवा. बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेटची हिरवी जाळी बांधा. काचेपासून वीतभर अंतर ठेवा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते.

कोरड्या उन्हाळ्यात उघड्या खिडकीला वाळ्याची ओली ताटी उत्तम. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. बाहेर असा आडोसा असला, की आतून फिकट रंगाची जुनी सुती साडीही पुरते. पांढरा रंग बरेचसे ऊन परतवतो.