जिमीचा बायोडेटा

वकिली धड चालत नाही, भूतकाळ पाठ सोडत नाही आणि सख्खा भाऊच आडवा येतो... ‘बेटर कॉल सॉल’ ही मालिका वकिलांची कमी आणि ऑफिसात खपणाऱ्या तुमची-आमची जास्त आहे!

आपल्या ओळखीत एक तरी जिमी असतोच. कॉलेजात अख्ख्या ग्रुपच्या प्रॉक्सी मारणारा, टीसीला बोलण्यात गुंडाळून सुटणारा, ट्रॅफिक हवालदाराशी दोन मिनिटांत गाववाल्याचं नातं जोडणारा. भन्नाट माणूस! पार्टीला तो हवाच. पण हाच उद्या टाय लावून तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये येऊन बसला तर? ड्रॉवरला कुलूप लावाल की नाही, खरं सांगा!

‘बेटर कॉल सॉल’ सहा सीझन हाच प्रश्न विचारत राहते. ज्यांना ही भानगड काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८ ते २०१३) म्हणजे केमिस्ट्रीचा मास्तर ड्रग्ज बनवायला लागतो ती गाजलेली मालिका. तिच्यात २००९ साली सॉल गुडमन नावाचा एक वकील उगवला. भडक सूट, टीव्हीवर जाहिराती, तोंडाचा पट्टा कायम चालू. हे काम केलं बॉब ओडनकर्कने, जो मुळात कॉमेडी लिहिणारा माणूस. हा वकील असा का झाला, हे सांगायला व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी नवी मालिका काढली. ‘एएमसी’ चॅनेलवर ती ८ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली आणि १५ ऑगस्ट २०२२ ला संपली. भाग ६३, म्हणजे ‘ब्रेकिंग बॅड’पेक्षा एक जास्तच.

एक सूचना. मी शेवटही सांगणार आहे. ज्यांना तो नकोय त्यांनी पान दुमडून ठेवा आणि बघून झाल्यावर या.

नेल सलूनच्या मागची खोली

सॉलचं खरं नाव जिमी मॅकगिल. शिकागोजवळच्या सिसेरोचा. तरुणपणीचा धंदा काय, तर बर्फावर मुद्दाम घसरून पडायचं आणि नुकसानभरपाई उकळायची. म्हणून नाव पडलं ‘स्लिपिन जिमी’. आपल्या भाषेत घसरू जिमी! मित्राला हाताशी धरून नकली रोलेक्स घड्याळं लोकांच्या गळ्यात मारायची, हा जोडधंदा. एकदा मात्र प्रकरण अंगाशी येतं. मोठा भाऊ चक हा नामांकित वकील. तो जिमीला सोडवतो, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला नेतो आणि आपल्या एचएचएम या फर्मच्या मेलरूममध्ये चिकटवतो. काम काय, तर टपाल वाटायचं.

आणि हा टपाल वाटता वाटता गुपचूप पत्राद्वारे कायदा शिकतो! तोही कुठून, तर ‘युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकन सामोआ’ अशा लेखकांनीच रचलेल्या एका विद्यापीठातून. तिसऱ्या प्रयत्नात बारची परीक्षा पास. आता भाऊ आपल्याला फर्ममध्ये वकील म्हणून घेईल, ही आशा. उत्तर येतं, नाही.

मालिका सुरू होते २००२ सालात. जिमीचं ऑफिस एका नेल सलूनच्या मागच्या खोलीत. झोपायचंही तिथेच. सलूनमधलं काकडीचं पाणी फक्त गिऱ्हाइकांसाठी, त्याला हात लावायचा नाही! फोन वाजला की स्वतःच ब्रिटिश बाईचा आवाज काढून सेक्रेटरी बनायचं. गाडी पिवळी सुझुकी एस्टीम, तिचं एक दार लाल. (आपल्या मारुती एस्टीमशी फक्त नावाचं साम्य, गाडी वेगळी.) गरीब आरोपींचे सरकारी खटले लढवायचे. पहिल्याच भागात तीन आरोपींसाठी घसा कोरडा करतो आणि हातात पडतो ७०० डॉलरचा एक चेक.

पण माणूस कामसू आहे हं! एक वृद्धाश्रम कंपनी म्हाताऱ्यांकडून वस्तूंचे जादा पैसे उकळतेय, असा त्याला संशय येतो. कंपनी कागद श्रेडरमध्ये घालते, तर हा कचऱ्याच्या डब्यात उतरून पट्ट्या गोळा करतो आणि रात्रभर बसून जोडतो. कोट्यवधी डॉलरची केस उभी राहते. अशा वेळी वाटतं, चला, सुटला बिचारा.

भाऊ बरोबर होता?

इथेच मालिका पहिला दणका देते. जिमीला नोकरी नाकारणारा फर्मचा गुळगुळीत बॉस हॉवर्ड नव्हता. नकार चकचा होता. हॉवर्ड फक्त वाईटपणा घेत होता. ज्या भावाला जिमी रोज वाणसामान, बर्फ आणि पेपर पोचवत होता तोच हा चक. विजेचा त्रास होतो म्हणून वीज बंद केलेल्या घरात, अंगावर चंदेरी ब्लँकेट घेऊन बसणारा. मायकेल मॅकीनने हा माणूस असा उभा केलाय, की त्याचा राग येतो आणि कीवही.

चकचं म्हणणं साधं आहे. कायदा पवित्र आहे आणि घसरू जिमीच्या हातात तो देणं धोक्याचं आहे. माणसं बदलत नाहीत.

गंमत म्हणजे चक पुढे बरोबर ठरतो. दुसऱ्या सीझनमध्ये मैत्रीण किमच्या हातून गेलेली बँक परत मिळवून देण्यासाठी जिमी चकच्या कागदांत पत्त्याचा आकडा बदलतो. १२६१ चे १२१६. एवढंच! चकची इज्जत जाते. पण जिमीला पहिल्याच दिवशी फर्ममध्ये डेस्क मिळालं असतं, तर त्याने हे केलं असतं का? मालिका उत्तर देत नाही. चकचा अविश्वास जिमीला बिघडवतो आणि बिघडलेला जिमी चकचा अविश्वास पक्का करतो. आपल्यातले किती जण बॉसबरोबर हाच खेळ रोज खेळतात!

मधल्या काळात जिमीला एका बड्या फर्ममध्ये नोकरी लागते. कंपनीचा फ्लॅट, कंपनीची मर्सिडीज, हवं तसं टेबल. आपण म्हणू, सेटल झाला! पण किमने हौसेने दिलेला कॉफीचा मग त्या मर्सिडीजच्या कप होल्डरमध्ये बसत नाही. एक दिवस तो टॉमी घेऊन होल्डरच तोडून टाकतो. राजीनामा दिला तर जॉइनिंग बोनस परत करावा लागणार. मग काय, रोज नवा झगझगीत सूट घालून, ऑफिसात बॅगपाइप वाजवून इतका वात आणतो, की शेवटी बॉसच त्याला काढतो. ऑफर लेटरच्या बारीक अक्षरांत अडकलेल्या प्रत्येकाने हा भाग बघावा. बघावा फक्त, करू नये!

गॅपवाला बायोडेटा

माझ्या डोक्यात घर करून बसलेला प्रसंग चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागातला. चकच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची आहे आणि जिमी निवड समितीत आहे. एका मुलीच्या नावावर दुकानातून चोरी केल्याची नोंद आहे. बाकीचे तिच्याकडे बघतही नाहीत. जिमी एकटाच तिच्यासाठी भांडतो आणि हरतो. मग बाहेर धावत जाऊन तिला सांगतो, की हे लोक तुला कधीच आत घेणार नाहीत, ती चूक ते कधीच विसरणार नाहीत. मग पार्किंगमध्ये गाडीत बसून एकटाच हुंदके देतो. तो बोलत कोणाशी होता, हे वेगळं सांगायला नको.

मी ऑफिसात इंटरव्ह्यू पॅनेलवर बसते. हा भाग पाहिल्यानंतर काही आठवड्यांनी एक बायोडेटा आला, मध्ये दोन वर्षांची गॅप. सहकारी म्हणाला, ‘‘हा बाजूला ठेवूया.’’ मी म्हटलं, ‘‘विचारून तर बघू.’’ मुलाने सरळ सांगितलं, आधीच्या कंपनीत खोटी प्रवासबिलं लावली होती, काढून टाकलं. पॅनेलमध्ये तासभर वादावादी झाली. शेवटी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. तो आजही आहे, काम चोख करतो. पण त्याची बिलं अजून दोनदा तपासली जातात. हे आम्हाला माहीत आहे आणि त्यालाही. याला विश्वास म्हणायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जिमीने मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलं. निलंबनाचं वर्ष संपवून सनद परत मिळते त्याच दिवशी तो नाव बदलायचं जाहीर करतो. ‘इट्स ऑल गुड, मॅन’ भरभर म्हणून बघा, सॉल गुडमन होतं! तुम्ही बायोडेटाची पहिलीच ओळ वाचणार ना? मग घ्या, तीच मोठ्या टायपात छापतो! जाता जाता, अमेरिकेत वकिलांना जाहिरातीची मुभा मिळाली ती १९७७ च्या सुप्रीम कोर्टाच्या ‘बेट्स’ निकालाने. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम ३६ वकिलाला जाहिरात करू देत नाही. तेव्हा आपला सॉल झाला असता, तरी होर्डिंगवर दिसला नसता!

माफी नाही

इथपर्यंत वाचून वाटेल, परिस्थितीने बिघडवलेला गरीब पोरगा, बस्स. मालिका तेवढी भोळी नाही. सेटलमेंट लवकर व्हावी म्हणून जिमी एका गोड आजीबाईंच्या मैत्रिणी त्यांच्याविरुद्ध फितवतो. त्यांना एकटं पाडतो. हॉवर्डची बदनामी करायचा बेत तो आणि किम मिळून करतात, जवळजवळ मजा म्हणून. त्याच रात्री जाब विचारायला त्यांच्या घरी आलेला हॉवर्ड ड्रगवाल्याच्या गोळीला बळी पडतो. या धक्क्याने किम वकिली सोडते, जिमीलाही सोडते. रिया सीहॉर्नचं काम इथे असं आहे, की टीव्ही बंद करून थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं.

‘ब्रेकिंग बॅड’ नंतरचा जिमी ओमाहामध्ये खोट्या नावाने सिनॅबनच्या दुकानात मॅनेजर आहे. हे सगळे प्रसंग ब्लॅक अँड व्हाइट. अखेर पकडला जातो. जन्मठेप अधिक १९० वर्षं समोर असताना हा पठ्ठ्या नुसत्या तोंडाच्या बळावर सौदा सात वर्षांवर आणतो, वर तुरुंगात आइस्क्रीमही मागून घेतो! सॉलचा सर्वांत मोठा विजय.

आणि मग किम समोर बसलेली असताना तो कोर्टात उभा राहून सगळं कबूल करतो. चकचं काय केलं तेही, जे गुन्ह्यात मोडतही नव्हतं. सांगतो, मला मॅकगिल म्हणा. शिक्षा होते ८६ वर्षं.

चक म्हणायचा, माणूस बदलत नाही. जिमी म्हणायचा, बदललो तरी तुम्ही मोजत नाही. शेवटी जिमी मोजणाऱ्यांची वाट बघायचं थांबवतो. एवढंच त्याच्या हातात होतं. त्याची किंमतही जबर आहे, कारण तुरुंगातले कैदी त्याला अजून सॉलच म्हणतात.

मालिकेचंही असंच झालं. एमीसाठी ५३ नामांकनं आणि पुरस्कार शून्य! अप्रेझलमध्ये दरवर्षी शाबासकी, प्रमोशन दरवर्षी दुसऱ्याला. शेवटच्या सीझनच्या शूटिंगमध्ये, जुलै २०२१ मध्ये, ओडनकर्कला सेटवरच हार्ट अॅटॅक आला. काही आठवड्यांत तो परत कामावर हजर.

सुरुवातीचे चार-पाच भाग संथ वाटतील. सोडू नका. शेवटी किम जुन्या बार कार्डावर तुरुंगात त्याला भेटायला येते. दोघं भिंतीला टेकून एक सिगारेट वाटून ओढतात, पूर्वी पार्किंगमध्ये ओढायचे तशी. ती त्याला जिमी म्हणते. सबंध बायोडेटा तोंडपाठ असलेलं ते एकच माणूस, आणि तरीही ती आलेली असते.