मार्टीनेझ, मारिया

(सु. १८८७–२० जुलै १९८०). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रख्यात प्वेब्लो इंडियन मृत्पात्रीकार. तिचा जन्म न्यू मेक्सिको राज्यात रीओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातील सान इल्देफॉन्सो या तेवाभाषिक खेड्यात झाला. माहेरचे आडनाव मोंतोया. वडीलधाऱ्या स्त्रियांचे काम पाहतच ती कुंभारकाम शिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेबरोबर धातूची स्वस्त भांडी आली व मातीच्या भांड्यांचा घरगुती वापर घटला. अशा पडत्या काळात तिने कामाला आरंभ केला. १९०४ मध्ये जूलियन मार्टीनेझ याच्याशी तिचा विवाह झाला. पुढे पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्यूएट याने जवळच्या उत्खननांत सापडलेल्या प्राचीन खापरांच्या धर्तीवर पात्रे घडविण्याचे काम तिच्याकडे सोपविले.

प्वेब्लो परंपरेत कुंभाराचे चाक नसते. चाळलेल्या मातीत ज्वालामुखीजन्य राख मिसळून मळतात. उथळ बशीत तळ बसवून त्यावर मातीच्या वळ्या एकीवर एक रचतात आणि भोपळ्याच्या तुकड्याने बाजू खरवडून सारख्या करतात. पात्र सुकल्यावर त्याला लोहयुक्त तांबड्या मातीचा पातळ लेप देऊन गुळगुळीत गोट्याने घोटतात. पात्राला चकाकी येते ती या घोटण्यामुळे, काचलेपामुळे नव्हे. भाजण्यासाठी भट्टी नसते. उघड्यावर लाकूड व गोवऱ्या रचून आवा लावतात. हवा खेळती राहिली, तर पात्र तांबडे होते. मात्र ऐन वेळी आवा घोड्याच्या बारीक लिदीने झाकून टाकला, तर ऑक्सिजनाच्या अभावी लेपातील लोहाचे रूप पालटते, धुरातील कार्बन पृष्ठभागात मुरतो आणि पात्र काळे पडते. या वेळी ओलावा राहिला किंवा वारा सुटला, तर अनेक दिवसांचे श्रम वाया जातात.

काळी पात्रे तेवा खेड्यांत पूर्वीपासून होत. १९१९ च्या सुमारास या दांपत्याने त्यांत नवी भर घातली. मारियाने घोटलेल्या पात्रावर जूलियन मातीच्या द्रवाने नक्षी रंगवी. भाजल्यावर नक्षी निस्तेज व उरलेला भाग चकचकीत, दोन्ही काळेच, असा परिणाम साधला. शिंगे असलेला जलसर्प ‘अवान्यू’ व पिसांची वर्तुळाकार मांडणी हे त्याचे आवडते आकृतिबंध होते. त्याच्या मृत्यूनंतर (१९४३) नक्षीचे काम सून सांताना हिने व १९५६ पासून मुलगा पोपोव्ही दा याने केले.

खेड्यात पात्रे घडविणे हे अनेक हातांचे काम होते व पात्रावर नाव घालण्याची प्रथा नव्हती. ग्राहकांच्या मागणीमुळे १९२० नंतर मारिया सही करू लागली आणि सही असलेल्या पात्रांना अधिक किंमत येऊ लागली. त्याचा लाभ शेजारणींनाही व्हावा, म्हणून तिने त्यांच्या पात्रांवरही स्वतःचे नाव घातले. संग्राहकांना यात लबाडी दिसली. तेवा समाजाच्या दृष्टीने मात्र ती वाटून घेण्याची रीत होती. काळ्या पात्रांचे तंत्रही तिने इतरांना मोकळेपणाने शिकविले. त्यामुळे शेतीवर तगू न शकणाऱ्या सान इल्देफॉन्सोला उपजीविकेचे नवे साधन लाभले.

ॲलिस मॅरिएट हिने लिहिलेले तिचे चरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सान इल्देफॉन्सो येथेच तिचे निधन झाले. तिच्या पात्रांना अनेक संग्रहालयांत स्थान मिळाले असून तिच्या वंशजांनी ही परंपरा पुढे चालविली आहे.