यंत्र आले, पण शिकवणार कोण?

आपल्यापैकी अनेकांचे आप्तस्वकीय ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आहेत. माझी मावसबहीण तेथे पर्थहून मोटारीने तीन तासांवर असलेल्या एका लहान गावी राहते. तिला मधुमेह आहे. पायाला जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला पायांच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगितले. चिठ्ठी फॅक्सने गेली, ती पोहोचलीच नाही आणि तीन आठवडे वाया गेले. मधुमेही माणसाच्या पायाला तीन आठवडे म्हणजे काय, हे आपल्या बेटावर कोणास सांगावयास नको.

पायांचे तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, वाचा सुधारणारे, या सर्वांस तिकडे ‘अलाइड हेल्थ’ म्हणतात. जुनाट आजार असलेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वर्षाकाठी अशा ५ भेटींसाठी मेडिकेअरमधून पैसे मिळतात आणि तज्ज्ञाने डॉक्टरांना लेखी अहवाल धाडावा असा दंडक आहे. तेव्हा कागद वेळेवर पोहोचणे हा उपचाराचाच भाग झाला.

परंतु संगणकीकरणासाठी सरकारने वर्षानुवर्षे प्रोत्साहन-रक्कम दिली ती सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांना. हे तज्ज्ञ त्या योजनेबाहेरच राहिले. रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही २०१२ साली निराळ्या नावाने सुरू झाली, तिलाच आज ‘माय हेल्थ रेकॉर्ड’ म्हणतात. तीत नोंद करता येईल असे सॉफ्टवेअर यांच्यापैकी अनेकांकडे नसते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दूरध्वनीवरील व पडद्यावरील तपासणीला मेडिकेअरचे पैसे मिळू लागले, तेव्हा ही उणीव फारच जाणवली.

आता २०१५ साली स्थापन झालेल्या ‘प्रायमरी हेल्थ नेटवर्क’ नावाच्या विभागीय मंडळांपैकी काहींनी या लहान दवाखान्यांसाठी अनुदाने काढली आहेत. उत्तम! पण मी पडलो शिक्षक. आमच्या एका शाळेत संगणक आले आणि दोन वर्षे कापडाखाली झाकून राहिले, कारण शिक्षकांना शिकविण्यास वेळ कोणी दिला नाही. खेड्यातील फिजिओथेरपिस्ट बहुधा एकटाच असतो. तो शिकावयास बसला की त्या तासाची कमाई बुडते आणि रुग्णही खोळंबतात. त्या तासांचे पैसे अनुदानात धरले नाहीत, तर नवे यंत्र जुन्या फॅक्सशेजारी नुसते बसून राहील.

बहिणीची जखम आता भरली आहे. हल्ली डॉक्टरांची चिठ्ठी ती स्वतःच्या पिशवीत घालून नेते.