म्हैसूरला न पोहोचलेला रस्ता

बंगळूरच्या दक्षिणेला होसूर रोडवरून ‘नाइस रोड’ला लागलं की बन्नेरघट्टा, कनकपुरा आणि म्हैसूर रोड ओलांडत साधारण 41 किलोमीटरवर तुमकूर रोड येतो. टोल भरून गाड्या शहराला वळसा घालतात. मूळ बेत मात्र म्हैसूर गाठण्याचा होता: सुमारे 111 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आणि वाटेत पाच नव्या वसाहती.

एच. डी. देवेगौडा मुख्यमंत्री असताना, फेब्रुवारी 1995 मध्ये कंपन्यांच्या एका गटाशी सामंजस्य करार झाला. त्या गटात पुण्याचा कल्याणी समूहही होता. 3 एप्रिल 1997 ला ‘नंदी इन्फ्रास्ट्रक्चर कॉरिडॉर एंटरप्रायझेस’, म्हणजे ‘नाइस’शी मुख्य करार झाला. जमीन ठरली 20,193 एकर. त्यातली 6,999 रस्त्यासाठी, 13,194 वसाहतींसाठी. सगळं भांडण या दुसऱ्या आकड्यावरून आहे. नुसत्या टोलवर रस्ता परवडत नाही, वसाहतींचं उत्पन्न हवंच, हा प्रकल्पाचा हिशेब. रस्त्याच्या नावाखाली जादा जमीन घेतली जातेय, हा पुढच्या सरकारांचा आरोप. देवेगौडाही पुढे प्रकल्पाचे कडवे विरोधक झाले.

उच्च न्यायालयाने 1998 मध्येच करार वैध ठरवला होता. तरी सरकारने शब्द फिरवला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 20 एप्रिल 2006 चा निकाल लिहिला तो मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे आपल्याला परिचित असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी. रस्ता आणि वसाहती हा एकच प्रकल्प आहे, जमीन तोडून मोजता येणार नाही, असं सांगत न्यायालयाने राज्याचं अपील फेटाळलं.

कंपनी जिंकली, पण रस्ता म्हैसूरकडे सरकला नाही. दाव्यांमागून दावे येत राहिले.

या ओढाताणीत भरडले गेले ते जमीनवाले. बंगळूरजवळच्या गोट्टिगेरेची गोष्ट पाहा. 1995 ते 1997 च्या दरम्यान काही जणांनी तिथे घरासाठी प्लॉट घेतले. 2003 मध्ये संपादनाची अधिसूचना निघाली, 2005 मध्ये ताबा गेला, मोबदला मात्र ठरलाच नाही. अवमान याचिकेनंतर 22 एप्रिल 2019 ला निवाडा झाला, तोही 2011 च्या दराने. इतकी वर्षं माणसाकडे जमीनही नाही आणि पैसाही नाही, हा उघड अन्याय आहे. करार चांगला की वाईट, या वादाने तो झाकला जात नाही.

दरम्यान केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाने जुना बंगळूर–म्हैसूर मार्गच रुंद केला. 12 मार्च 2023 ला त्याचं उद्घाटन झालं आणि म्हैसूरकरांना वेगवान रस्ता मिळाला, ‘नाइस’विनाच.

गोट्टिगेरेच्या प्लॉटधारकांना 2 जानेवारी 2025 पर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने आपले विशेष अधिकार वापरले आणि मोबदला 2019 च्या बाजारभावाने नव्याने ठरवण्याचा आदेश दिला.